जुनी जीप बंद पडली आणि परत उचलत नाही, तेव्हा काय बघायचं

गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडं जातो. एकदा सेल्फ मारायचा, मग परत, मग परत. पाच मिनिटांत बॅटरी बसते, पेट्रोल गाडी असेल तर प्लग भिजतात, आणि गाडी का मेली हे सांगणाऱ्या निम्म्या खुणा पुसल्या जातात. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: बंद पडल्यावर पहिली पाच मिनिटं चावीला हात लावू नका. ती पाच मिनिटं नुसतं बघायला, ऐकायला आणि वास घ्यायला वापरा.

हा लेख ज्यांनी नुकतीच जुनी जीप किंवा जिप्सी घेतली आहे त्यांच्यासाठी. कोल्हापुरात अशा गाड्या भरपूर आहेत. पुजो डिझेल इंजिनाची महिंद्रा एमएम ५४०, मेजर, कमांडर, २५२३ सीसीचं डीआय इंजिन असलेली थार, आणि पेट्रोलवरची मारुती जिप्सी. रविवारी पन्हाळा, मसाई पठार, पावसाळ्यात गगनबावडा. गाडी बंद पडली की सगळ्यांचा फोन पहिल्यांदा उद्यमनगरातल्या फिटरला जातो. फोन जरूर करा, पण त्याला सांगायला चार नेमक्या गोष्टी हाताशी असल्या तर तो फोनवरच अर्धं निदान करतो.

आधी गाडी जाग्यावर धरा

घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर काम सोडतो. एक-दोनदा पेडल नेहमीसारखं लागतं, मग दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायाचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. घाबरू नका, पेडल पूर्ण ताकदीनं दाबून ठेवा आणि गाडी कडेला घ्या.

जुन्या बऱ्याच जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागं, प्रोपेलर शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. सपाटीवर तो उत्तम धरतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळं ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेकही सुटल्यासारखा होतो, गिअरही. त्यामुळं खाली वाकायच्या आधी उताराच्या बाजूला दोन चाकांना चांगले मोठे दगड लावा. मागं पन्नास-साठ पावलांवर त्रिकोण ठेवा, धुकं असेल तर पार्किंग लाइट चालू ठेवा. गगनबावड्याकडच्या धुक्यात दहा फुटांवरची गाडी दिसत नाही.

कशी मेली ते आठवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवखी माणसं नेमकं हेच विसरतात. दोन प्रकार असतात.

एक, कोणीतरी बटण दाबून बंद करावी तशी. चालता चालता एकदम शांत. हा बहुतेक वेळा विजेचा दोष. पेट्रोल गाडीत इग्निशनचा करंट गेला, डिझेलमध्ये पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या झडपेचा) करंट गेला, नाहीतर एखादा फ्यूज उडाला.

दुसरी, धापा टाकत. चढावर ओढ कमी झाली, दोन-तीन हिसके बसले, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही जोर येईना, मग मेली. हा इंधनाचा दोष. इंजिनला प्यायला मिळेना, एवढंच.

याशिवाय तिसराही एक प्रकार आहे: तापमानाचा काटा वर, गरम वास, इंजिनाचा खडखडाट, आणि मग बंद. इथं पुढं काहीच करायचं नाही. बॉनेट उघडा, फॅनबेल्ट जाग्यावर आहे का बघा, आणि अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंडावर येतं. गार झाल्यावर पाणी भरा, ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर हेडगॅस्केट गेलं समजा आणि ओढून न्यायची तयारी करा.

बंद पडली तेव्हा आणखी काय चाललं होतं? चढ होता? डबक्यातून नुकतीच बाहेर आली होती? डिझेल कुठं भरलं होतं? गेल्या आठवड्यात कुणी कशाला हात लावला होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार वेळा कामाचं निघतं. फिल्टर बदलून आणल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली तर फिल्टरजवळच बघायचं, दुसरीकडं नाही.

आणि हसू नका, टाकीत काडी घालून बघा. जुन्या जीपच्या डिझेलच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय टाकी पाव असेल आणि चढ खडा असेल तर डिझेल एका बाजूला जातं, पाइपाचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन हवा ओढतं.

टाकीचं झाकण उघडताना कान द्या. फुस्स करून आत हवा गेली तर झाकणाचं छोटं भोक चिखलानं बुजलेलं आहे. टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण सैल ठेवून गाडी सुरू झाली, चालली, की निदान संपलं. भोक तारेनं साफ करा.

आता एकदाच सेल्फ मारा

एकदाच, तोही पाच सेकंद. आणि कान इंजिनाकडं.

काहीच आवाज नाही, डॅशवरची दिवीसुद्धा लागत नाही: बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात करा. हातानं पिळून बघा. हललं की तिथंच दोष. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यानं धुवा, चाकूनं खरवडा, घट्ट आवळा.

टक-टक-टक-टक असा आवाज: बॅटरी उतरलेली. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट पार विझत असेल तर बॅटरी किंवा टर्मिनल. लाइट तसाच लख्ख राहून नुसता एक 'टक' येत असेल तर सेल्फ मोटर किंवा तिचा सोलेनॉइड. अशा वेळी सेल्फच्या अंगावर पान्यानं हलकेच दोन टोले दिले की कधी कधी झिजलेले कार्बन जाग्यावर बसतात आणि मोटर फिरते. घरी पोचण्यापुरतं ते पुरतं.

मल्टिमीटर असेल तर गाडी उभी असताना भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीवरही १२ च दिसत असेल तर अल्टरनेटर भरत नाही.

जुन्या जीपांत मला बॅटरीपेक्षाही जास्त वेळा सापडलेला दोष म्हणजे अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचा विजेचा संबंध एका वेणीसारख्या तांब्याच्या पट्टीनं असतो. ती पट्टी ऑइल-चिखलानं माखते, गंजते, एक-एक तार तुटत जाते. बॅटरी नवी घातली तरी सेल्फ आळसावल्यासारखा फिरतो. तपासायला सोपं: जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. झटक्यात फिरला तर पट्टी बदला. हाताची परीक्षाही आहे: दहा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर जो जोड हाताला गरम लागतो, तो जोड खराब.

सेल्फ फिरतो पण नेहमीचा दमदार ठेका नाही, नुसता सुर्र आवाज: जिप्सीत टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. परत परत मारू नका. आणि सेल्फ एकदम अडकतोय, इंजिन हलतच नाही, तर जॅम झालेलं इंजिन किंवा आत शिरलेलं पाणी. पाण्याबद्दल पुढं वेगळं सांगतो.

सेल्फ जोरात, नेहमीच्या ठेक्यात फिरतो पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीचा विषय सोडा. पुढं जा.

डिझेल: धूर बघा

डिझेल गाडीत एका माणसाला सायलेन्सरजवळ उभं करा आणि सेल्फ मारा. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत) पोचतंय, जळत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाहीये. चालता चालता बंद पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा हेच, डिझेल न पोचणं, असतं.

धूर नाही म्हणून लगेच फिल्टरवर हात टाकू नका. आधी स्टॉप बघा. जुन्या जीपला डॅशवर इंजिन बंद करायची ओढायची दोरी असते. ती पूर्ण आत गेली आहे का? तिची केबल गंजून पंपाजवळचा लिव्हर अर्ध्यावर अडकतो, वरची मूठ आत गेलेली दिसते आणि पंप मात्र बंदच असतो. बॉनेट उघडून लिव्हर हातानं परत ढकला.

रोटरी जातीच्या डिझेल पंपावर दोरीऐवजी सोलेनॉइड असतो, वायर जोडलेला अंगठ्याएवढा तुकडा. चावी ऑन करून त्याच्याजवळ कान न्या, कुणाला तरी चावी ऑन-ऑफ करायला सांगा. 'टक' ऐकू आला पाहिजे. नाही आला तर बल्बला दोन वायरी जोडून बघा: करंट येतोय का. करंट नसेल तर फ्यूज, किंवा चावीचा स्विच. तात्पुरतं बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वायर थेट सोलेनॉइडला दिली की गाडी सुरू होते. मग बंद करायची असेल तेव्हा ती वायर काढायची, हे सोबतच्या सगळ्यांना सांगून ठेवा. वायर मध्ये कुठं घासणार नाही, शॉर्ट होणार नाही, एवढी काळजी घ्या आणि तिला फ्यूज लावा.

स्टॉप ठीक असेल, तर आता इंधन.

एअर काढणं

एअर काढणं म्हणजे इंधनाच्या पाइपांत शिरलेली हवा बाहेर काढणं. आमच्याकडं हे नवं नाही. पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठानं ऊस भिजवायला ऑइल इंजिनं होती, आणि ती घडवणारं गावही आपलंच. उद्यमनगरातल्या कारखान्यांनी ऑइल इंजिनांवरच नाव काढलं. त्या इंजिनांची एअर काढायला शेतातली शाळकरी पोरंसुद्धा शिकलेली असायची. जीपच्या डिझेल इंजिनाची रीत तीच आहे.

डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपात किंवा पाइपात बुडबुडा शिरला की पंपाचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यात जातो, नोझल उघडतच नाही. म्हणून हवा बाहेर काढल्याशिवाय गाडी उचलणार नाही, कितीही सेल्फ मारा.

पहिलं काम, फिल्टरच्या तळाचा ड्रेन सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. उजेडात धरा. खाली पाण्याचा थर बसला तर तो पूर्ण जाईपर्यंत काढा. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन आठवडाभर उभी राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. तपकिरी गंजाचे कण आले तर टाकीच आतून गंजली आहे.

मग फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा. खाली फडकं धरा. फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरचा) हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा दांडा, मारत राहा. पहिल्यांदा फेस येईल, साबणाच्या पाण्यासारखा. मग बुडबुडे विरळ होतील. मग अखंड, काचेसारखी डिझेलची धार. धार चालू असतानाच, प्रायमर न थांबवता, स्क्रू आवळा. थांबवून आवळलात तर परत हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. प्रायमर लिव्हरचा असेल आणि तो हाताला सैल, बिनजोराचा लागत असेल, तर पंप बिघडलाय असं लगेच समजू नका. इंजिनातला पंप ढकलणारा कॅम वरच्या टोकाला थांबला असेल. सेल्फला क्षणभर टिचकी द्या, इंजिन थोडं फिरलं की लिव्हरला जोर येतो.

त्यानंतर मोठ्या पंपावरचा, म्हणजे नोझलांना डिझेल पाठवणाऱ्या पंपावरचा एअर स्क्रू, तसाच.

शेवटी नोझलच्या टोकाला पाइपाचे दोन नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, सेल्फ मारा. आधी थुंकल्यासारखं होईल, मग प्रत्येक ठेक्याला डिझेल उडेल. नट आवळा, परत सेल्फ. दहा-पंधरा सेकंदांच्या वर एका वेळी सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर गार होऊ द्या.

इथं एक गोष्ट जीव लावून सांगतो. नोझलच्या पाइपात शंभर बारच्या वर दाब असतो. सैल नटाजवळ बोट नेऊ नका, गळती बोटानं चाचपू नका. ती बारीक धार कातडी फोडून आत जाते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना. आणि सीआरडीई (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल) इंजिनाच्या गाडीत हा पाइप सैल करायची रीतच विसरा. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. त्या गाडीला फिल्टरमधलं पाणी आणि फ्यूज-रिले एवढंच रस्त्यावर बघायचं, बाकी स्कॅनरचं काम.

एअर काढल्यावर गाडी सुरू झाली आणि चालत राहिली, तर छान. पण हवा आली कुठून? टाकी रिकामी झाली नव्हती, फिल्टर कुणी उघडला नव्हता, तर कुठंतरी भोक आहे. आणि ते भोक शोधणं हाच या सगळ्यातला खरा कठीण भाग आहे.

गळत नाही, पण हवा घेतं

माझ्या एमएम ५४० नं मला हे शिकवलं. श्रावणात गगनबावड्याहून परत येताना साळवणच्या अलीकडं ती धापा टाकून थांबली. एअर काढली, सुरू झाली, घरी आलो. पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या चढावर वाघबीळजवळ परत तेच. फिल्टर बदलला. एका गॅरेजमध्ये फीड पंप बदलून घेतला. दोन आठवडे बरी, मग परत. गाडीखाली झोपून प्रत्येक जोड फडक्यानं पुसून बघितला. कुठंही ओल नाही. गळत नाही म्हणजे जोड चांगले, असं माझं डोकं सांगत होतं.

उद्यमनगरातल्या एका वयस्कर फिटरनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "सकाळी पहिल्यांदा किती सेल्फ खाते?" मी म्हटलं, अलीकडं जास्तच. "आणि टाकी भरली की बंद पडत नाही, व्हय का?" मी गप्प झालो. खरंच, दोन्ही वेळा टाकी निम्म्याच्या खाली होती.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी असते. तिच्यात दाब नसतो, ओढ असते. तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत. रात्रभर उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ खाते. टाकी भरलेली असली की ओढायची उंची कमी, म्हणून चालते. निम्म्याच्या खाली आणि वर चढ, की संपलं.

त्यानं फीड पंपाच्या तोंडाला हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक चालले होते. मग ती नळी गाडीच्या पाइपावरून काढून थेट डिझेलच्या कॅनमध्ये सोडली. बुडबुडे थांबले, इंजिन एका सुरात चालू लागलं. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळं निर्दोष, भोक कॅनच्या मागच्या भागात, टाकीच्या बाजूला. दहा मिनिटं लागली नाहीत. शेवटी चेसिसजवळ, पत्र्याचा पाइप आणि टाकीचा पाइप जोडणारा वीतभर रबरी तुकडा सापडला. क्लिपच्या खाली, जिथं नजर पोचत नाही तिथं, नखानं दाबल्यावर उघडणारी चीर.

म्हणून तुमच्या पिशवीत दोन हात पारदर्शक नळी आणि एक छोटा कॅन असू द्या. डिझेल इंजिनाच्या इंधनाच्या तक्रारीत याच्याइतकी नेमकी दुसरी परीक्षा मला माहीत नाही. कॅनवर गाडी सुरू झाली आणि चालली तर दोष मागं. कॅनवरही नाही झाली तर दोष पुढं: फीड पंप, त्याच्या तोंडाच्या बँजो बोल्टमधली (पोकळ बोल्टमधली) बारीक जाळी, फिल्टर, मोठा पंप. जाळी विसरू नका. बरेच जण पंप बदलतात आणि जाळी तशीच कचऱ्यानं भरलेली राहते.

पेट्रोल: ठिणगी की पेट्रोल

जिप्सीत किंवा जुन्या पेट्रोल जीपमध्ये प्रश्न दोनच. ठिणगी पडते का, पेट्रोल येतं का.

ठिणगीसाठी एक जादा प्लग जवळ ठेवा. एका प्लगची वायर काढून जाद्या प्लगला लावा, प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवा, कोरड्या फडक्यानं किंवा रबरी मुठीच्या पकडीनं धरा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी म्हणजे ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही म्हणजे दोष इग्निशनमध्ये. प्लग लोखंडाला न टेकवता सेल्फ मारू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल जळू शकतं. आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असेल तर ही परीक्षा करूच नका.

पावसात ठिणगी गेली असेल तर डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत कॅप उघडून आतून कोरड्या फडक्यानं पुसा, वायरीही पुसा. आतल्या दमटपणातून करंट भलतीकडं पळतो. कॅपच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला. पॉइंटवाल्या जुन्या जीपमध्ये पॉइंट काळे पडलेत का बघा, पॉलिश पेपरनं घासा, कंडेन्सरची वायर सुटली नाही ना बघा.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्चनं कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि हातानं अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर झटक्यात ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडली पाहिजे. उडली तर फ्लोटमध्ये पेट्रोल आहे. नाही उडली तर पंप, फिल्टर किंवा टाकी. उलट तोंडातून पेट्रोलचा भपका येत असेल आणि प्लग ओले असतील तर गाडी ओव्हर झाली आहे: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणाऱ्या) जिप्सीत चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज बघा, मग रिले. सारखाच दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही शांतच, तर टाकीच्या बुडाला तळहातानं दोन थापा मारा. पंप जागा झाला तर समजा त्याचे दिवस भरले आहेत, घरी जाऊन बदला. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनची दिवी लागतच नसेल तर कॉम्प्युटरलाच करंट मिळत नाहीये. मेन रिले आणि त्याचं अर्थिंग तपासा.

गार झाली की सुरू होते

हे दुखणं वेगळं ओळखा. तासभर चालल्यावर बंद, वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं.

पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइल हा पहिला संशयित. बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा, गार झाल्यावर तपासून उपयोग नाही. ठिणगी असेल तर पेट्रोलची वाफ: एप्रिल-मेच्या उन्हात चढावर फ्यूएल पंप आणि पाइप तापतात, आत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत सुरू झाली तर पाइप सायलेन्सरपासून लांब न्यायचा बंदोबस्त करा.

रोटरी पंपाच्या डिझेल गाडीत गरम झाल्यावर सुरू न होणं म्हणजे पंपाचं डोकं झिजलंय का ते बघायचं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून निसटतं, सेल्फच्या कमी वेगाला दाब तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटांनी गाडी उचलली तर पंप टेस्टिंग बेंचवर न्या. बर्फासारखं गार पाणी ओतू नका, आतले भाग अडकतात. हे काम रस्त्यावरचं नाही, पंप-नोझलवाल्याचंच आहे.

पाण्यात बंद पडली तर

ओढ्यात, पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारायचाच नाही. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन पाण्यावर आदळतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये तर नक्कीच, कारण तिथं पिस्टनच्या डोक्यावर जागाच फार थोडी असते. गाडी ओढून बाहेर काढा. एअर फिल्टर उघडा. आतून कोरडा असेल तर बरं. ओला असेल तर सगळे नोझल किंवा ग्लो प्लग, पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग, काढून मगच इंजिन फिरवा, पाणी भोकांतून उडून जाऊ द्या. ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नका.

धक्का, ओढणं आणि फिटरला फोन

सेल्फच गेलेला असेल तर धक्का चालतो. चावी ऑन, दुसरा किंवा तिसरा गिअर, ट्रान्स्फर केसचा लो रेंज नाही, क्लच दाबून वेग घ्या आणि सोडा. उतारावर धक्का मारताना समोर मोकळा रस्ता आहे का बघा, कारण ब्रेकचा बूस्टर अजून मेलेलाच असतो. इंधनाचा किंवा ठिणगीचा दोष असेल तर धक्क्यानं काही होत नाही, माणसं दमतात फक्त.

ओढून न्यायची असेल तर मुख्य गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर केसलाही न्यूट्रल असेल तर तोही, आणि पुढचे हब फ्री, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी. दोर चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला नाही. चावी ऑन ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक पडणार नाही.

आणि फिटरला फोन कराल तेव्हा असं सांगा: "एमएम ५४०, पुजो इंजिन. चढावर धापा टाकत बंद पडली. सेल्फ जोरात फिरतोय, सायलेन्सरला धूर नाही. टाकी पाव आहे. फिल्टरमध्ये पाणी नाही. एअर काढली की पाच मिनिटं चालते आणि परत बंद." एवढं ऐकल्यावर तो पारदर्शक नळी आणि रबरी पाइपाचा तुकडा पिशवीत टाकूनच निघेल.